भोंग्यावरचं लेकरू

शुक्रवार पेठेच्या मागल्या बोळात दानम्मा राहायची. मिशनची बायबलबाई, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी. अंगानं वाळकी, आवाजानं कणखर. चर्चमध्ये एखाद्या जोडप्याच्या लग्नाची जाहिरात तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटची, वाचली गेली, की नवरानवरी शिंप्याच्या आधी दानम्माकडं यायची. ती पुस्तकांची पत्र्याची ट्रंक पुढ्यात ओढायची, दोघांना समोर बसवून नीट न्याहाळायची नि त्यांच्या संसाराला लागू पडंल असं पुस्तक काढून द्यायची. तसा रिवाजच पडला होता.

नवरा गुत्त्याची वाट तुडवणारा दिसला तर दारूवरचं पुस्तक. घरात तोंडाळ सासू असली तर जाडजूड, रोज रात्री सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचायचं. नवरा हात उगारणारा वाटला तर नवऱ्याची कर्तव्यं सांगणारं पातळ पुस्तक काढायची आणि म्हणायची, "हे बारकं हाय. तुला झेपंल. एक पान वाचल्याबिगर ताटावर बसू नगंस." गडी ओशाळं हसायचा, पण वाचायचा. दानम्माचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं.

लेकरं वाढवायच्या पुस्तकांबाबत मात्र ती जास्तच हट्टी असायची. तिची स्वतःची तीन गेली होती. पाण्यानं बाप्तिस्मा घेतला त्या सालापासून एकामागं एक. भाऊबंद दारात येऊन बोलून गेले, "तू देव सोडलास, देवानं लेकरं नेली." एकटा शमुवेल जगला, गिरणीत लागला. पण ते बोलणं बाभळीच्या काट्यागत तिच्या आत मोडून राहिलं होतं.

शमुवेलची बायको सगुणा, केम गावची. तिला मुलगा झाला, तेव्हा मिशनच्या मडमेनं हिरव्या पुठ्ठ्याचं नवं पुस्तक दानम्माच्या हाती दिलं. लेकराला घड्याळ बघून पाजावं, मधे रडलं तर उचलू नये, रात्री तर मुळीच नाही, म्हणजे ते धडधाकट आणि आज्ञाधारक होतं, असं त्यात होतं. दानम्मानं ते मान डोलवत वाचलं. भाऊबंदांच्या तोंडावर मारायला तिला असंच धडधाकट नातवंड हवं होतं.

घरात घड्याळ नव्हतं. "सोलापुरात घड्याळ कशाला लागतंय? भोंगा हाय की," ती म्हणाली. गिरणीचा भोंगा झाला की पाजायचं, तोवर न्हाय. भोंग्याभोंग्यातलं अंतर पुस्तकातल्या अंतराहून लई लांबडं होतं. पण एवढ्यातेवढ्यानं काय होतंय, असं तिनं ठरवलं.

"आत्याबाई, भुकेनं रडतंय वो."

"भूक न्हवं ती, हट्ट हाय. भोंगा हू दे."

भिंतीपलीकडनं रशीदा ओरडायची, "अजी दानम्मा, दूध माँ का है की गिरनी का?"

"तू तुजी भाकरी बघ. करपाय लागली."

सगुणा लेकराला थोपटत राहायची. पण त्या पोरीच्या चुलीत विस्तव म्हणून ठरायचा नाही. सदा विझलेली. मग लेकरू कडेवर, हातात खापर, आणि ही चालली रशीदाकडं विस्तव मागायला. गेली की लवकर यायची नाही.

"केमच्या बायास्नी चूल राखाय बी शिकवत न्हाईत का गं?" दानम्मा टोमणा हाणायची. सगुणा फुंकणी घेऊन बसायची.

पोरगं टरारून आलं. मांड्यांना वळ्या पडल्या. मिशनच्या आवारात लेकरांचं प्रदर्शन भरलं, त्यात ते पहिलं आलं. मडमेनं त्याला तांबडी रिबीन बांधली. दानम्मा त्याला घेऊन बायाबायांतून मिरवली, "बघा. भोंग्यावर वाढलंय. अवेळी एक थेंब न्हाय." त्या दिवशी हिरवी पुस्तकं एकूण एक उठली.

एक राहेलनं नेलं. पहिलटकरीण, लेकरू तान्हं, सासू वारलेली, आई लांब अक्कलकोटाकडं. तिच्या लग्नाचं पुस्तकही दानम्मानंच निवडलेलं, आणि संसार बरा चालला होता. नळावर तिनं सगुणाला गाठलं.

"खरंच गं? किती बी रडलं तरी थांबतीस?"

दानम्मा शेजारीच घागर घासत होती. सगुणानं सासूकडं एकवार बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.

राहेल शब्दाची पक्की. लेकरू वाळत चाललं तशी ती दोनदा दानम्माकडं घेऊन आली. दानम्मानं त्याचा हात दाबून बघितला. "हट्ट मोडतोय. मोडला की भरंल." मग ऊन तापलं, लेकराला जुलाब लागले. त्या काटकीत झुंजायला काही उरलंच नव्हतं.

राहेलच्या लेकराला माती देऊन आल्यावर दानम्मा आपल्या उंबऱ्यातच बसली. नातू अंगणात लोळत होता, गुबगुबीत.

"सगुणे, एकच पुस्तक. एकच भोंगा. मग तिचंच कसं गं?"

सगुणा भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "आत्याबाई, आपली चूल कवा इजली न्हवती. मी पाणी वतत हुते. लेकरू रशीदाआपाच्या सोप्यात पीत हुतं. रातीला तुमी घोरायला लागला की हितं."

"मला बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर पाजू दिलं असतं?"

दानम्मानं अंगणातल्या नातवाकडं बघितलं. सगुणाच खालच्या आवाजात म्हणाली, "पर नळावर 'व्हय' म्हणाया नगं हुतं. ती चूक माजी."

दानम्मा तशीच उठली नि राहेलकडं गेली. राहेल भिंतीला टेकून होती, चोळी दुधानं भिजलेली. दानम्माला बघून ती सावरून बसली. "बरं झालं आला. मला इचारायचंच हुतं. येकदा मला ऱ्हावलं न्हाय, भोंग्याआदी पाजलं. त्येनंच का वो?"

वाटेत दानम्मानं शब्द जुळवले होते. देवाची मर्जी, परीक्षा, धीर. पुस्तकातले, ट्रंकभर. त्यातला एकही तोंडातून निघंना. तिनं जे होतं ते सांगितलं. खापर, विस्तव, रशीदाचा सोपा, सगळं.

राहेल रडली नाही.

"पर नळावर सगुणा व्हय म्हणाली हुती."

"माज्या भेवानं म्हणाली."

"म्हंजे सुनंला तुमचं भ्या वाटलं, म्हणून तिनं चोरून पाजलं. मला तुमचा इस्वास वाटला." ती उठली, कोनाड्यातलं हिरवं पुस्तक काढून दानम्माच्या पायाशी ठेवलं. "लग्नाचं ऱ्हाऊ द्या. हे न्या."

तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. राहेलचा हात आपसूक चोळीच्या गाठीकडं गेला. गाठ निम्मी सुटली, मग तिच्या ध्यानात आलं.

दानम्मा पुस्तक उचलायला वाकली होती. ती वाकलेलीच राहिली.