नेनेकाकांच्या कार्डाची मागची बाजू

काय सांगायचं आणि कुठून सांगायचं! चहा घ्या आधी. माझ्या हातून झालेला हा घोटाळा ऐकून हसायचं की डोळे पुसायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी भरतकामाची ग्रीटिंग कार्डं करते. जाड कागदावर सुईने भोकं पाडायची, करोल बागेतून आणलेल्या रेशमाने त्यातून फुलं भरायची. समोरून बघाल तर वा वा! मागे मात्र नुसत्या गाठी आणि लोंबणारे दोरे. म्हणून मागून एक कागद चिकटवायचा, म्हणजे अस्तर. सगळी लाज त्या अस्तराखाली. इथे दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या मराठी मंडळात बारसं असो नाहीतर बारावं, कार्ड माझंच, आणि शोकसभेचा मजकूरही माझाच.

तर समोरच्या फ्लॅटमधले नेनेकाका चार महिने हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी आशा सोडलेली. पण सुलभाकाकूंनी सगळ्यांना दम भरला होता, "यांना काही कळता कामा नये. जो तो हसत भेटायला येईल!" स्वतः तर त्या सतत हसत असायच्या. बघवत नसे.

एका दुपारी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मीनलताई, नेन्यांचा मजकूर तयार ठेवा यार. मागच्या वेळी ऐनवेळी फार धावपळ झाली."

"अहो, माणूस जिवंत आहे!"

"म्हणूनच म्हणतोय ना, आत्ता वेळ आहे."

आणि मी मूर्खासारखी बसले की लिहायला! छान कागद, काळी शाई, टपोरं अक्षर. 'मनमिळाऊ स्वभावाचे श्री. नेने यांचे अल्पशा आजाराने दि.' पुढे जागा कोरी. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' शेवटची वेलांटी देतेय तोच दारात सुलभाकाकू! मी कागद पालथा करून अस्तरांच्या गठ्ठ्यावर टाकला.

"मीनल, परवा यांना पंचाहत्तरावं लागतंय. झेंडूची फुलं भरून एक कार्ड देशील?"

नाही कशी म्हणणार? दोन दिवस मान मोडून झेंडू भरले. शेवटी गठ्ठ्यावरचा पहिला कागद उचलला, कार्डाच्या कडांना गोंद लावला आणि तो तसाच पालथा चिकटवून टाकला. कुठला कागद, हे तुम्हाला कळलं. मला नाही कळलं!

आता नेनेकाका म्हणजे मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. हातात आलेला प्रत्येक कागद उजेडात धरून बघायची सवय. वाढदिवशी हॉस्पिटलात कार्ड हातात पडताच त्यांनी ते खिडकीसमोर धरलं.

झेंडूच्या भोकाभोकांतून ऊन आलं. आणि झेंडूच्या मागे, टपोऱ्या अक्षरात, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

मी कार्डावर झडप घातली.

"काका, द्या इकडे! टाका सुटलाय, नीट करून आणते!"

"अगं, राहू दे, किती सुंदर झालंय," काकू म्हणाल्या. "बघू हो, मलाही उजेडात बघू दे."

"नको," काका म्हणाले. "उन्हाने रंग उडतो." आणि त्यांनी कार्ड उशीखाली सारलं. "सुलभा, जरा गरम पाणी आणतेस?"

काकू बाहेर गेल्या. मी रडायला लागले.

"काका, फार मोठी चूक झाली."

"चुका तर आहेतच. मनमिळाऊ कोणाला म्हणतेस? माझ्या सेक्शनमध्ये जाऊन विचार. आणि अल्पशा आजार? चार महिने इथे पडलोय मी!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. लेखी आज मिळालं." त्यांनी दाराकडे नजर टाकली. "हिला सांगू नकोस. रोज दाराबाहेर डोळे पुसून हसत आत येते बिचारी. आणि उद्या येताना लाल पेन आण."

पेन मी गुपचूप नेऊन दिलं. अठरा दिवसांनी काका गेले.

तिसऱ्या दिवशी काकू कार्ड घेऊन माझ्या दारात. अस्तर सोललेलं, त्यावर लाल खुणा.

"अक्षर तुझं आहे. लाल यांचं. यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं की यांना माहीत आहे?"

"हो."

"मग चार महिने मी हसले कोणासाठी गं?"

मला त्या क्षणी माझी स्वतःचीच शिसारी आली.

"शोकसभेत हेच वाचायचं," त्या म्हणाल्या. "लाल अक्षरांसकट."

वाचलं. सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्या मंडळासमोर, हातात झेंडूचं वाढदिवसाचं कार्ड धरून! 'मनमिळाऊ'वर काट मारून 'फटकळ'. 'अल्पशा'वर काट मारून 'लांबलेल्या व कंटाळवाण्या'. लोक हसू दाबत होते, रडत होते. मी घाईने खाली बसायला लागले.

"खालची टीप राहिली," पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या.

मला वाचावीच लागली. 'मसुदा मंजूर. सुलभा हसताना छान दिसते, म्हणून गप्प राहिलो. मीनलचं भरतकाम यापुढे मागची बाजू तपासल्याशिवाय कोणीही स्वीकारू नये.'

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला दिसलं नाही.

तेव्हापासून काकांचा तो हुकूम आमचं मंडळ बिल्कुल काटेकोरपणे पाळतं. मी कार्ड दिलं की माणूस आधी खिडकी शोधतो!

परवा काकूंचा वाढदिवस झाला. भीत भीत कार्ड दिलं. त्या तडक बाल्कनीत गेल्या, कार्ड उन्हात धरलं, उलटं करून पुन्हा धरलं. मग आत येऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

"चला," म्हणाल्या, "माझा नंबर अजून लागलेला दिसत नाही."