व्याही नंबर दोन

हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात रोबोट दारू बनवतो, ही बातमी मला सगळ्यात आधी माझ्या न्हाव्यानं सांगितली. मी खुर्चीत बसलो होतो, गळ्याभोवती कापड होतं, आणि तो वस्तरा हवेत धरून मला दाखवत होता, हात असा वर जातो, अशी बाटली दाबतो, असं गदागदा हलवतो. "काउंटरवर माणूसच नाही भाऊ. नुसते दोन हात!" आमच्या बुरहानपुरातली माणसं लालबागेतून, शनवाऱ्यातून, पार बहादरपुरातून मोटरसायकली काढून ते बघायला जात होती. पिणारे जात होते आणि न पिणारेही जात होते. पोरांना केळ्याचं मॉकटेल पाजायचं, व्हिडिओ काढायचा आणि परत यायचं.

मी गेलो नव्हतो. नऊ वर्षांत मी कुठल्याच बारमध्ये पाय ठेवला नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो. मी सरकारी ऑफिसात बाबू होतो आणि चौदा-पंधरा वर्षं मी रोज प्यायचो. ऑफिस सुटलं की शनवाऱ्याजवळच्या एका बारमध्ये जायचो. तिथला वाढणारा मी बसायच्या आधीच माझा ग्लास टेबलावर ठेवायचा, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. माझी लेक नववीत असताना एकदा शाळेच्या ड्रेसमध्ये त्या बारच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, हाकही मारली नाही. आमच्या टेबलावरचे सगळे गप्प झाले. त्याच दिवशी मी दारू सोडली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही सोडली. त्यानंतर तीन वर्षं प्यालो. मग लिव्हर सुजलं, इंदूरच्या दवाखान्यात बावीस दिवस काढले, आणि तिथून आल्यावर सुटली. तेव्हाच का सुटली, आधी का नाही, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

ती लेक आता इंदूरला एका लॅबमध्ये नोकरी करते. तिथेच तिची एका मुलाशी ओळख झाली. मुलगा आपल्यातलाच, मराठी घरातला, शांत. दोघांचं ठरलं होतं, आता दोन्ही घरांनी भेटायचं होतं. मुलाचे आईवडील रविवारी गाडीनं बुरहानपूरला येणार म्हणाले. बायकोनं घरी जेवणाची तयारी सुरू केली, तर शनिवारी लेकीचा फोन आला.

"पप्पा, त्यांचे बाबा म्हणतायत जेवण बाहेरच करू. त्यांना तो रोबोटवाला बार बघायचाय. त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ बघितला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी नाही म्हणून सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "पाहुणे आहेत. त्यांची हौस आहे तर जाऊ."

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "मुलाला माहीत आहे?"

"मुलाला तिनं सगळं सांगितलंय. त्याच्या घरी माहीत नाही."

"मग आता कशाला सांगायचं? सुटली ना तुमची. कुणी आग्रह केला तर शुगर आहे म्हणा. तशीही आहेच थोडीशी."

मला ते पटलं. नऊ वर्षं मी सगळीकडे तेच सांगत आलो होतो. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, मेव्हण्याच्या घरी, "डॉक्टरांनी मना केलंय." कुणी पुढे विचारत नाही.

लेक शनिवारी रात्रीच बसनं आली. रविवारी बारा वाजता मुलगा आणि त्याचे आईवडील आले. मुलाचे वडील बँकेतून रिटायर झालेले, उंच, मोठ्यानं बोलणारे. आल्या आल्या त्यांनी मला मिठी मारली. मुलाची आई बारीक आवाजाची होती, आणि नवरा बोलत असताना ती त्याच्याकडे बघायची, मग पटकन दुसरीकडे. ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. चहा झाला, मावा जलेबी झाली, आणि आम्ही सहा जण दोन गाड्यांत बसून हायवेला लागलो.

आत भर दुपारी संध्याकाळ करून ठेवली होती. खिडक्यांना काळे पडदे, सगळीकडे निळे दिवे. मधोमध काचेच्या मोठ्या खोलीत ते दोन हात होते, पांढरे, खांद्यापासून बोटांपर्यंत माझ्या हातांहून लांब. वर छताला बाटल्या उलट्या टांगलेल्या, शेदीडशे तरी असतील. टेबलावरच्या स्क्रीनवर पाहिजे ते निवडायचं, आपलं नाव टाकायचं, की ते नाव काचेवरच्या मोठ्या पडद्यावर यायचं आणि हात कामाला लागायचे. एक हात पेला घेऊन या बाटलीखाली जायचा, त्या बाटलीखाली जायचा, बरोबर तेवढीच धार घ्यायचा. दुसरा लिंबाची फोड उचलायचा. मग झाकण लावून गदागदा हलवणं. एक थेंब इकडेतिकडे नाही. शेवटी ग्लास एका गोल फिरत्या पाटावर यायचा आणि काचेच्या बाहेर आपल्यासमोर यायचा. काळ्या शर्टातला हॉटेलचा एक माणूस बाजूला उभा होता, पण त्याला फारसं काम नव्हतं.

मी घाबरत आलो होतो, पण खरं सांगतो, मला ते हात बघायला आवडले. दारात पाऊल टाकताना मला तो जुना वास आला होता. पण इथे ओळखून हसणारं कुणी नव्हतं. "आज उशीर केला साहेब" म्हणणारं कुणी नव्हतं. ते हात ज्यानं मागितलं त्याला देत होते, ज्यानं नाही मागितलं त्याच्याकडे वळतही नव्हते. लेक माझ्या शेजारी बसली होती. तिनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तिला मानेनंच सांगितलं, ठीक आहे.

बायकांनी केळ्याचं मॉकटेल मागवलं. लेकीनं आणि मुलानं लिंबू सोडा. मुलाचे वडील स्क्रीन स्वतःकडे ओढून बराच वेळ बोटं मारत होते आणि हसत होते. "थांबा, थांबा, जरा मजा करू द्या मला."

मग काचेवरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नाव आलं, व्याही नंबर एक. आणि त्याच्याखाली, व्याही नंबर दोन.

ते वाचायला आम्हा सगळ्यांना एक क्षण लागला. बायकोनं तोंडावर पदर धरला. लेक लाजली, मुलगा हसायला लागला. अजून कुणी हो म्हटलं नव्हतं. तीच त्यांची हो म्हणायची पद्धत होती. मुलाच्या वडिलांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "अरे भाई, आता काय लपवायचं! मला तर पोरगी पसंत आहे, घर पसंत आहे. हे माझ्याकडून!"

दोन ग्लास फिरत आमच्यासमोर आले. व्हिस्की, त्यात काही गोड, वर संत्र्याची साल. माझ्यासमोरचा ग्लास काठोकाठ होता आणि वास थेट नाकात येत होता. माझा हात टेबलावर होता. ग्लासापासून वीतभर दूर.

"मी घेत नाही साहेब," मी म्हणालो.

"घेत नाही म्हणजे? आज तर घ्यावंच लागतं!"

"त्यांना शुगर आहे," बायको घाईनं म्हणाली.

"अहो, शुगर तर मलाही आहे. एकानं काय होतंय? आणि हे तर सरबत आहे. त्या बिचाऱ्या मशीननं एवढ्या प्रेमानं बनवलंय." त्यांनी ग्लास उचलून माझ्या हातात द्यायला पुढे केला. "व्याह्यांचा पहिला ग्लास आहे. याला नाही म्हणू नका."

मी लेकीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा अगदी तसाच झाला होता, नववीतला. मला वाटलं, आपण पुन्हा काहीतरी थाप मारू, हे अजून काहीतरी म्हणतील, मग मी आणखी एक थाप मारीन, आणि उद्या यांच्या घरी गेलं की तेच, दिवाळीला तेच. ही पोरगी जन्मभर माझ्या ग्लासाकडे बघत बसेल.

"साहेब, मी दारुडा होतो," मी म्हणालो. "रोजचा. हिनं फार सोसलंय, पोरीनंही सोसलंय. नऊ वर्षं झाली सोडून. एक घेतला तर मला थांबता येणार नाही. म्हणून नाही घेत."

काचेमागे हात कुणाच्या तरी दुसऱ्या टेबलाचं काहीतरी हलवत होते, तेवढाच आवाज होता.

मुलाच्या वडिलांनी ग्लास खाली ठेवला. त्यांचं हसू गेलं. "अच्छा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा, "अच्छा."

मुलाच्या आईनं माझ्या बायकोकडे वळून हळू आवाजात विचारलं, "कसं काढलंत हो तुम्ही?"

"काढलं," बायको म्हणाली. एवढंच.

जेवण आलं. मुलानं ट्रॅफिकचं, लेकीनं लॅबचं काहीबाही सांगून वेळ निभावली. मुलाच्या वडिलांनी आपला ग्लास दोन घोटांत संपवला होता. आणि मग, सगळे पनीर वाढून घेत असताना, त्यांचा हात सरकत माझ्यासमोरच्या ग्लासाकडे आला. बोलता बोलता त्यांनी तो उचलला आणि पिऊन टाकला. ग्लास माझ्यासमोर पुन्हा ठेवलासुद्धा, रिकामा. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी ते चौदा वर्षं केलं होतं.

चार वाजता ते निघाले. नमस्कार झाले, पण पुन्हा कधी भेटायचं ते कुणी बोललं नाही. गाडी गेल्यावर बायको घरात येऊन खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली. "शुगरवर थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्या रिकाम्या ग्लासाबद्दल मी तिला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. आता माझ्या मनात उलटीच भीती बसली होती. आपण पोरगी कुठल्या घरात देतोय? आणि मी हे कुठल्या तोंडानं विचारणार?

दहा-बारा दिवस इंदूरहून काहीच आलं नाही. लेक फोनवर म्हणायची, "तो म्हणतो बाबा घरात कुणाशी बोलतच नाहीत." मी लग्न मोडलं असं धरून चाललो होतो.

मग एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं. मुलाचे वडील उभे होते. एकटेच, बसनं आलेले, हातात छोटी पिशवी. दाढी वाढलेली. बायको गडबडून चहा टाकायला आत गेली. आम्ही पुढच्या खोलीत बसलो.

"त्या दिवशी तुमचा ग्लास मी प्यालो," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"मला वाटलं कुणाला दिसलं नाही."

"बाकी कुणाला नाही दिसलं."

ते बराच वेळ हाताचे तळवे एकमेकांवर घासत बसले. मग त्यांचं बोलणं सुरू झालं, तेही त्या मोठ्या आवाजात नाही. रिटायर झाल्यापासून रोज चालतं. आधी दोन, मग तीन, आता मोजत नाही. घरात कुणी विषय काढत नाही, कारण ते आरडाओरडा करत नाहीत, पडत नाहीत. परत जाताना मुलगा गाडी चालवत होता आणि त्यांची बायको मागच्या सीटवरून एकच वाक्य बोलली होती, "त्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं." त्यानंतर ती इंदूर येईपर्यंत बोलली नाही.

"मला तुमचा राग आला होता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. वाटलं, असल्या घरची पोरगी नकोच. चार दिवस तसंच वाटत होतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कशी सोडली?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं, की मला नीट माहीत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं सांगितलं, पहिल्या आठवड्यातल्या थरथरीचं सांगितलं, एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा, हेही सांगितलं. शनवाऱ्याचा रस्ता सोडून मी दोन वर्षं लांबून घरी यायचो, तेही सांगितलं. ते शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते.

"वहिनींना काय सांगून आलात?" मी विचारलं.

ते ओशाळले. "खंडव्याला बँकेचं काम आहे म्हणून."

"मग पहिला फोन त्यांना लावा. इथूनच."

त्यांनी लावला. मी उठून आत गेलो. स्वयंपाकघरात बायको गाळणी हातात धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चहा उकळून आटला होता. तिनं तो ओतून टाकला आणि नवीन पाणी ठेवलं. जेवूनच जा म्हणाली ती पाहुण्यांना, आणि ते जेवून गेले.

लग्न झालं, माघात. लग्नात ते प्याले नाहीत. लग्नानंतर दोन महिन्यांनी प्याले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून मला सांगितलं. मग काही दिवस सोडली, मग पुन्हा. माझी लेक त्या घरात आहे आणि मला काळजी वाटते, नाही असं नाही. पण ती म्हणते, "पप्पा, तिथे सगळे बोलतात त्याबद्दल. आपल्याकडे कुणी बोलायचं नाही." हे तिनं सहज म्हटलं. मी त्यावर बरेच दिवस विचार करत होतो.

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. परवा त्यांचा न पिण्याचा सेहेचाळिसावा दिवस होता. आम्ही पाऊण तास बोललो, त्यातली पाच मिनिटं दारूबद्दल असतील. बाकी सगळं त्यांच्या गच्चीवरच्या टाकीला लागलेल्या गळतीबद्दल, आणि हा प्लंबर उद्या येतो म्हणून गेला तो चार दिवस झाले तरी कसा आला नाही, त्याबद्दल.