दसऱ्यासाठी घेतलेलं इंजेक्शन

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं, झोप चांगली लागते. मला राग धरूनही छान झोप लागते. त्या वर्षी लागत नव्हती ती मानेमुळे.

कचेरीत बावीस वर्षं टायपिंग केलं, त्याचं हे फळ. मानेतून निघालेली कळ थेट उजव्या अंगठ्यापर्यंत जायची. गळ्याला पट्टा बांधून मी पोळ्या लाटायचे आणि पट्टा बांधूनच कचेरी गाठायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अधारतालला राहणारी माझी थोरली जाऊ या पट्ट्याला 'दागिना' म्हणायची.

दसऱ्याला सगळं कुटुंब तिच्याकडे जमतं. आपट्याचं सोनं द्यायचं आणि मोठ्यांच्या पाया पडायचं; नुसता हात लावून नाही, डोकं पायावर टेकवून. एका दसऱ्याला मी पट्ट्यासकट गेले आणि सगळ्यांना उभ्यानेच हात जोडले. थोरल्या दिरांनी समजून घेतलं. जाऊ मात्र भरल्या बैठकीत म्हणाली, "काहून वो, पगार येऊन राहिला म्हणून मान ताठ झाली काय?" आणि हसत हसत तिने मागून हात घालून माझं डोकं खाली दाबलं. "अशी वाकते, पाहा!"

डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातली पानं गळून पडली. सगळे हसले. माझा नवराही हसला. घरी आल्यावर म्हणाला, गंमत होती. त्या गमतीनंतर दीड महिना मला वेणी घालता आली नाही.

पुढे वर्षभर गोळ्या, शेक, व्यायाम सगळं झालं. शेवटी आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून मानेच्या मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. धोकेही सांगितले, क्वचित होणारे पण मोठे. "ये इलाज नहीं है, मोहलत है," ते म्हणाले. फरक पडला तर काही आठवडे, फार तर काही महिने. नवरा म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मी कॅलेंडर काढलं. दसऱ्याला तीन आठवडे होते. औषध लागू पडायला आठवडा धरला तरी जमत होतं. डॉक्टरांनी विचारलं, इतनी जल्दी क्या है? मी म्हटलं, घर में कार्यक्रम है.

टेबलावर पालथं झोपवून त्यांनी माझी मान पुढे वाकवली. कातडी बधिर केली तरी आत दाब जाणवत होता आणि तीच जुनी कळ हातात उतरली. "हिलना मत," डॉक्टर एक्स-रेच्या पडद्याकडे पाहत म्हणाले. मी हलले नाही. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. मी जावेचा चेहरा डोळ्यांपुढे धरला होता.

पहिले चार दिवस दुखणं उलट वाढलं. मी चिडून रडले. सहाव्या दिवशी पलंगाखाली चप्पल शोधायला वाकले आणि चप्पल हातात आल्यावर लक्षात आलं, काही दुखलं नाही.

दसऱ्याला पट्टा न लावता गेले. थोरल्या दिरांच्या पायावर डोकं टेकवलं. जावेची आई आली होती, तिच्याही पाया पडले. मग जावेच्या हातात सोनं ठेवलं आणि तशीच उभी राहिले. आशीर्वादासाठी उचललेला तिचा हात अधांतरी राहिला.

"अजून दुखून राहिली काय वो मान?" तिने विचारलं. आवाज मऊ होता. ती मला वाट करून देत होती, हे मला कळलं.

"नाही ताई," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "आता अजिबात दुखत नाही."

संक्रांतीच्या आधीच दुखणं परत आलं. नवरा म्हणाला, पट्टा लाव. पण हळदीकुंकू जावेकडे होतं. पट्टा दिसला असता तर ती म्हणाली असती, बिचारीचं दसऱ्यालाही दुखतच असेल, आणि तिने मला माफ करून टाकलं असतं. मी पट्टा घरी ठेवला. दोन तास तिच्यासमोर हसत बसले आणि तिळगूळही उजव्या हातानेच घेतला.