तुळसावैनीची उघडी रेघ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — देवापुढं हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही, तिथंही मी विषय टाळून पुढं जाते. आज तुम्हाला सांगतेय ते धीर आला म्हणून नव्हे. एक गोष्ट मला अजून कळलेली नाही, आणि ती धुंडाळायची तर आधी सगळं मांडायला हवं.

मी साड्यांच्या काठांची नक्षी काढते. लोक विचारतात, इतक्या घाईत तुम्हाला सुचतं कसं? विणकरांचा माणूस येऊन म्हणतो, उद्या हवंय, आणि उद्या मी देते. गळ्याशी आलं की हिला सुचतं — ही माझी ख्याती. पण ही ख्याती सुरू कुठं झाली, ते कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नाही, बहुधा नाहीच.

तेव्हा मी मद्रासच्या एका कलाशाळेत शेवटच्या वर्षाला होते. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. घर तिरुवल्लिक्केणीत. आम्ही मूळचे तंजावरचे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. परीक्षा झाली की माझं लग्न, हे अप्पांनी ठरवून टाकलं होतं. फक्त एकदा, चांगल्या मूडमध्ये असताना, म्हणाले होते, की एखादी अब्रूची नोकरी चालून आली तर बघू. त्या ‘बघू’वर मी वर्ष काढलं.

आणि एका मंगळवारी सरांनी फळ्यावर लिहिलं — साडीचा काठ, शुक्रवारी चार वाजेपर्यंत. जॉर्ज टाउनमधले एक कापडाचे व्यापारी एक काठ निवडणार होते, आणि ज्याचा काठ त्याला त्यांच्या नक्षीखात्यात जागा. सरांची अट एकच. देवळातलं, दारातलं, आजीच्या पेटीतलं काही उचलून आणायचं नाही. डोक्यातून आलं पाहिजे.

डोक्यातून! तीन दिवस माझ्या डोक्यातून काहीही आलं नाही. कोयरी काढावी तर ती कुणाची तरी असायची, मोर काढावा तर तो कांचीपुरमचा. गंमत म्हणजे मला आधी भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. एरवी हे डोकं नको तेव्हा बडबडतं — मग आता हे गप्प का? सुचतं ते येतं तरी कुठून? मी चौकटीच्या कागदासमोर बसून स्वतःकडं असं बघत होते, आणि शुक्रवार उजाडला.

आता तुळसावैनीबद्दल सांगायला हवं. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, कुंभकोणमजवळच्या खेड्यातली, शाळा जेमतेम पाहिलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली. आईनं तिचं बोट धरून एक कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, शिकवलं होतं, ते ती फक्त शुक्रवारी दारात घालायची. सडा टाकायचा, तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती एकच रेघ फिरवायची, हात न उचलता. इतर बायकांची रेघ फिरून येऊन स्वतःला मिळते. वैनीची मिळत नसे. उंबऱ्याच्या बाजूला ती बोटभर जागा उघडी सोडायची. का? लक्ष्मीला आत यायला वाट, असं तिची आई म्हणायची म्हणे. तसलं कोलम मी दुसऱ्या कुठल्याही दारात पाहिलेलं नाही.

आणखी एक. त्याआधीच्या आडीत, म्हणजे आषाढाच्या सुमाराला, वैनीचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. मुलगा होता. ती त्याबद्दल बोलत नसे. पहाटे उठून दारात बसायची, एवढंच.

तर त्या शुक्रवारी कोरा कागद घेऊन मी निघाले, कोलमवर पाय पडू नये म्हणून थांबले — आणि पाहिलं. वर्षभर ते ओलांडत होते, पाहिलं त्या दिवशी. बसमध्ये वहीत उतरवलं. शाळेत चौकटी भरल्या. उघडी जागा मी बुजवली, कारण काठात रेघ तुटली तर विणीतला दोष वाटतो. दोनच्या ठोक्याला काम तयार. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे कुठून आलं? मी म्हटलं, असंच, शेवटच्या क्षणी सुचलं.

एवढंच असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. दहा वाजेपर्यंत सायकली आणि पावलांखाली पुसून जाणारी रेघ — ती कुणाची? मला तेव्हा वाटलं, कुणाचीच नाही. वैनीला सांगितलं असतं तर ती हरखून गेली असती. पण ती सरांनाही हरखून सांगून आली असती, म्हणून सांगितलं नाही.

माझा काठ निवडला गेला. मुलगी नोकरीला म्हणजे वडिलांची परवानगी हवी, म्हणून सर आणि ते व्यापारी घरी यायचं ठरलं. कधी? सरांनी गुरुवारी सांगितलं, उद्या सकाळी आठला.

उद्या शुक्रवार. हे माझ्या लक्षात कधी यावं? शुक्रवारी सकाळी साडेसातला, वेणी घालून बाहेर आले तेव्हा. वैनी शेवटचं वळण घेत होती. माझा काठ दारात पडला होता, चांगला चार हात रुंद.

उंबऱ्यापासून तिच्यापर्यंत तीन पावलं. तेवढ्यात मला सुचलं.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि हलक्या आवाजात म्हटलं, "वैनी, ही रेघ तू उघडी सोडतेस ना, ती बरी नव्हे. पोटुशी बाईनं असं कोलम घातलं तर मूल त्या वाटेनं निघून जातं. देवळात एक म्हातारी सांगत होती."

तिच्या चिमटीतलं पीठ सांडत राहिलं. "कोण म्हटलें तसं?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "इतकें दिवस मला कोणी बोललें नाही की."

तिनं तळव्यानं कोलम पुसलं. आधी ती उघडी जागा, मग बाकीचं. त्यावर पाणी टाकून साधं कमळ काढलं. सर आले, कमळाला वळसा घालून आत गेले. वैनीनं त्यांना कॉफी दिली. अप्पा हो म्हणाले.

आता बघा. काठासाठी तीन दिवस डोकं गप्प होतं, आणि या खोट्यासाठी तीन पावलं पुरली. तेही कसं — कुठून ऐकलं ते ठरलेलं, कारण ठरलेलं, आणि नेमकं कुठं लागेल ते ठरलेलं. एक शब्द बदलावा लागला नाही. माझ्या हातून इतकं निर्दोष काम नंतर कधी झालं नाही. मग सुचणं म्हणतात ते हेच का? काठ आणि हे, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात का? मला खरंच माहीत नाही.

आज पाहुणे आहेत, दुसरं काढ, एवढं म्हटलं असतं तरी तिनं काढलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मला ते आजच्यापुरतं नको होतं. पुढच्या शुक्रवारीही नको होतं. कधीच नको होतं.

वैनीनं ते पुन्हा घातलं नाही. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, मीनाक्षी. मी तोवर जॉर्ज टाउनला रुळले होते, पुढं मनासारखं लग्नही केलं. मीना सहा वर्षांची असताना मी माहेरी गेले होते. पोर दारात बसून कोलम शिकत होती. चिमुकला हात तो, रेघ फिरवता फिरवता दमला आणि शेवट जुळायच्या आधीच तिनं हात उचलला.

वैनीनं तिच्या मनगटावर चापटी मारली. मी तिला त्या पोरीवर हात उगारताना कधी पाहिलं नव्हतं. मग तिला जवळ ओढून ती सांगू लागली, की रेघ उघडी ठेवायची नसते, तुला एक अण्णा होता, मी अशीच रेघ सोडायची म्हणून तो निघून गेला, माझ्या हातानं गेला. शांतपणे सांगत होती, रोजचं सांगावं तसं. मीनाला ते पटेना. तेव्हा वैनी म्हणाली, "विचार आत्याला. ती शिकलेली आहे की."

मीनानं पिठानं भरलेले हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं. "आत्या, खरं का?"

वैनीही बघत होती.

मी म्हटलं, "हो, खरं आहे."