टॅम्प्लीज कोण म्हणालं?

आधीच सांगते, मी प्रोग्रामर आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी ऑफिसात भरपूर खेचलेली आहे. तुम्हीही माझी खेचा, हरकत नाही... पण पूर्ण वाचून.

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये एका शिलाई मशीनच्या दुकानावर कम्प्युटर क्लास होता. तिथे मी आणि माझा मोठा भाऊ नितीनदादा दोन रणगाड्यांचा एक गेम खेळायचो. कीबोर्ड एकच — बाण माझे, डावीकडची अक्षरं त्याची. खेळ थांबवायचं बटण बदलून दादाने 'टी' केलं होतं. टी म्हणजे टॅम्प्लीज! लहानपणी मूठ ओठांशी नेऊन टॅम्प्लीज म्हटलं की समोरच्याने थांबायचंच, तसं.

थांबले नाही ती मी. आईने त्याच्याकडे अंबरनाथला राहायचं की माझ्याकडे बदलापूरला, यावरून आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. "टॅम्प्लीज म्हणतोय ना मी, ऐक तरी!" दादा म्हणाला. मी फोन कट केला. दोन दिवसांनी तो हार्ट अटॅकने गेला. माझ्यावर रागावूनच गेला का, हे आता कोणाला विचारू?

गेल्या वर्षी तोच गेम मी नव्याने लिहायला घेतला — मुक्त सॉफ्टवेअर, कोड सगळ्यांना खुला. मूळ कोडची एक ओळ माझ्याकडे नव्हती, सगळं आठवणीतून. थांबवायला फक्त 'पी' ठेवलं. दुसरा रणगाडा आपोआप चालवायचा कोड तर अजून लिहिलाच नव्हता.

रविवारची दुपार, बदलापूरला बेलवलीतलं आमचं घर. माझा उजवा हात बाणांवर, डाव्यात चहाचा कप... आणि दुसरा रणगाडा हलला. भिंतीच्या कडेकडेने सरकत माझ्यासमोर आला. आणि खेळ थांबला.

कोणतं बटण दाबलं गेलं त्याची नोंद, म्हणजे लॉग, उघडून पाहिला. शेवटचं बटण — टी.

"दादा?"

आतून आई ओरडली, "कोणाशी बोलतेयस गं?"

लॅपटॉप बंद करायला हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. या वेळी मी थांबणार होते. तशीच बसून राहिले. दहा-बारा मिनिटांनी खेळ आपोआप सुरू झाला. त्याचा रणगाडा वळला, नेम धरला आणि एका गोळ्यात माझा उडवला.

क्लासमधला जुना मित्र मुकेश, तोही प्रोग्रामरच, त्याला सगळा कोड दाखवला. "चाय गिराई होगी तूने कीबोर्ड पे," म्हणाला. मग कोड पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "पण टी ला तर तू काही जोडलंच नाहीयेस यार..."

आजही टी दाबलं तर काही होत नाही. का झालं, कसं झालं, मला खरंच माहीत नाही.

फक्त एवढंच माहीत आहे — दादा रुसला की माझ्याशी मुद्दाम हरायचा. "घे, जिंक एकदाची," म्हणून उठून जायचा. त्या दुपारी त्याने मला सरळ हरवलं. रागावलेला नव्हता हो तो!