राखेनं घासलेली सीडी

अंगात येणं, बाधा होणं, मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काहीतरी सांगणं... असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जाते. आजही मानत नाही. चौथीपर्यंत शिकलेय, पण डोकं शाबूत आहे. नात म्हणाली लिही, म्हणून लिहितेय. वाचून मला कुणी ‘चमत्कार’ म्हणून कळवू नका. राग येतो.

माझा मुलगा दत्ता फौजेत सिग्नलला होता. पेन्शनीवर आला आणि आमच्या कुंडलजवळच्या वाडीतल्या शाळेचे अकरा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसला. त्यांच्यावर नवीन सिस्टिम चालत नव्हती, तर यानं घरी बसून स्वतःचीच एक बांधली. सगळी मराठीत, आपल्या पोरांना कळेल अशी. दोन वर्षं त्यानं दुसरं काही बघितलं नाही. काम होत आलं आणि श्रावणात हा गेला. रानातून येताना छातीत कळ आली, बांधावर बसला तो बसलाच.

हेडमास्तर म्हणाले, “दसऱ्यापर्यंत चालू झाले तर ठेवू, नाहीतर भंगारात.”

दत्ताची मुलगी मनीषा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. ती सुट्टी काढून आली. ते जुने डबे म्हणे पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत, सिस्टिम घालायला सीडीच लागते. आणि कोऱ्या सीड्या आता मिळतात कुठं? सांगली पालथी घालून तिनं चार आणल्या. दत्ताच्या कॉम्प्युटरवरून सिस्टिम उतरवताना तीन वाया गेल्या. चौथी नीट झाली — आणि तासाभरात दत्ताचा कॉम्प्युटर टकटक करून कायमचा बंद पडला. म्हणजे त्याच्या दोन वर्षांचं जे काय उरलं, ते त्या एका चकतीवर.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली अवजारं पूजतात. माझ्या थोरल्या जावेनं, आक्कानं, कोयता, खुरपी, पंपाचे पाने मांडले, आणि कुणाला न विचारता ती सीडीही मांडली. ओलं हळद-कुंकू घेऊन तिच्यावर स्वस्तिक काढलं. चकाकणाऱ्या बाजूवर, जिथं सगळं उतरवलेलं असतं तिथंच!

“आवं आक्का, काय केलासा ह्ये?” मी म्हणाले.

“का? ज्या बाजूला आपलं तोंड दिसतंय तेच तिचं तोंड न्हवं? पाठीला कोण कुकू लावतंय?”

मनीषा रडायला लागली. मी तिला समजावत होते, तेवढ्यात आक्कानं ती सीडी मोरीवर नेली आणि राखेनं घासली. देवाची भांडी घासतात तशी.

“लख्ख केली बग,” म्हणाली.

तोंड दिसायचं सोडा, तिच्यात उजेडसुद्धा दिसेना. नुसते ओरखडे. मी आक्काला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्याला सकाळी पाटीपूजनाला शाळा उघडी होती. मनीषानं तरीही सीडी घालून पाहिली. पाच वेळा. डबा घरघर करायचा आणि सीडी बाहेर टाकायचा. हेडमास्तर खिशातून फोन काढत म्हणाले, “आज्जी, जाऊ द्या आता. भंगारवाल्याला बोलावतो.”

माझं डोकं फिरलं. त्यांच्यावर नाही, आक्कावरही नाही. दत्तावर. सगळ्यांसमोर त्या डब्यापुढं उभी राहून मी ओरडले, “कवा एक काम धड पुरं केलंस का रं? अर्ध्यात टाकून गेलास आन् आता पोरीला रडवतोस? लाज हाय का?” आणि सीडीचा तो खण मीच हातानं आत ढकलला.

घरघर थांबली. पडद्यावर अक्षरं आली — ‘थांब जरा, करतोय.’

हेडमास्तरांनी हात जोडले. मनीषा म्हणाली, “आज्जी, हे पप्पांनी आधीच लिहून ठेवलंय. सुरू होताना सगळ्यांनाच हे दिसतं.” म्हणजे त्यात काही नाही. ते सोडा.

पण ती सीडी चालली कशी? दिवेलागणीपर्यंत अकराच्या अकरा डब्यांत चालली, एकदाही अडली नाही. मग हेडमास्तरांनी हौसेनं ती स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये घातली, तर लगेच बाहेर. त्यानंतर ती कुठंच चाललेली नाही. मनीषाच्या कॉलेजातल्या सरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “अशी सीडी एकदासुद्धा चालणं शक्य नाही.” शाळेतल्या डब्यांवरून मनीषानं सगळं पुन्हा उतरवून घेतलंय, त्यामुळे काम वाचलं. तेवढं बरं झालं.

आता वाडीत म्हणतात, दत्ता आला होता. आक्का ती सीडी देव्हाऱ्यात ठेवायला निघाली. मी हिसकावून घेऊन ट्रंकेत टाकली. आला होता म्हणता? मी सकाळपासून तिथंच उभी होते. अकरा पत्र्याचे डबे चालू केले आणि आईकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही?

ती सीडी कशी चालली, मला माहीत नाही. सरांना नाही, मनीषालाही नाही. तो आला होता हे मी मानत नाही. फक्त एका गोष्टीनं डोकं उठतं... तो खरंच आला असता, तर अगदी असाच वागला असता.