उष्टी हळद आणि पाठीवरचे सात गोल

माझं लग्न ऐन हळदीत मोडता मोडता राहिलं. मानपानावरून नाही, पत्रिकेवरून नाही, तर माझ्या पाठीवरच्या सात गोल डागांवरून. आणि ते डाग मी स्वतःच्या पायांनी आळेफाट्याला जाऊन करून घेतले होते, म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

खोडदला आमचं टोमॅटोचं रान. लग्न वैशाखातलं, पण कुणाचं लग्न आहे म्हणून टोमॅटो पिकायचा थांबत नाही. महिनाभर क्रेट उचलून पिकअपमध्ये टाकता टाकता उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली अशी कळ धरली की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे. आईने मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. भाऊ पाठीवर उभा राहिला आणि कडकड वाजलं म्हणजे सुटलं, असं जाहीर करून उतरला. सुटलं काहीच नव्हतं. अंतरपाटापुढे असा वाकडा उभा राहिलो असतो तर फोटो जन्मभर बघावा लागला असता, म्हणून चार दिवस आधी मित्राच्या सांगण्यावरून आळेफाट्याला कपिंग करून घ्यायला गेलो.

तिथल्या फिजिओथेरपीवाल्याने मला पालथं झोपवलं. काचेच्या पेल्यात पेटता बोळा फिरवून बाहेर काढायचा आणि पेला पटकन पाठीवर उपडा करायचा, असे त्याने सात पेले लावले. पाठीची कातडी कुणी मुठीत धरून वर ओढतंय असं वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. जाताना त्याने बजावलं की आठवडाभर डाग राहतील, घाबरू नका. मी म्हटलं, राहू द्या की, शर्टाखाली कोण बघायला येतंय?

इथे माझी अक्कल चरायला गेली होती. आमच्याकडे नवरदेवाला हळद लावतात ती शर्टावरून लावत नाहीत.

लग्नादिवशी सकाळी कार्यालयात मला पाटावर बसवलं. बायकांनी पायांना, गुडघ्यांना हळद लावली, गाणी सुरू झाली आणि वहिनीने बनियन काढायला लावली. पुढून हळद लावणाऱ्यांची गाणी चालूच राहिली, मागच्यांची थांबली. जांभळे-काळे सात गोल, बांगडीएवढे. मागे कुणी काय बघतंय हे मला त्या शांततेतूनच कळलं.

नवरीची काकी हळदीला आमच्या बाजूला आली होती. ती वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली की हे गजकर्ण आहे, आणि साधं नाही, जुनं आहे.

आता गजकर्ण नुसतं माझ्या पाठीवर राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण नवरदेवाला लावून उरलेली हळद, ती उष्टी हळद, नवरीला लावायची असते. माझी बहीण करवली, ती वाटी घेऊन नवरीच्या खोलीकडे निघालीच होती. काकी दारात आडवी उभी राहिली. असल्या अंगाची हळद आमच्या पोरीच्या अंगाला लागणार नाही, म्हणाली. आणि उष्टी हळद लागल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढत नाही, हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी सांगत होतो की कपिंग केलंय, दुखण्यावरचा उपाय आहे. कपिंग हा शब्द त्या कार्यालयात कुणी ऐकला नव्हता, आणि उघड्या अंगाने हळद माखून बसलेल्या माणसाचं कुणी ऐकतही नाही. भावाने मोबाइलवर कुठल्याशा पोहणाऱ्याचा फोटो शोधून दाखवला, त्याच्याही पाठीवर तसेच गोल. काकीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, ह्यालाही झालंय की. माझी आई एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. मला तेव्हा खरी भीती वाटली, सगळा चेष्टेचा नूर उतरला.

मग नवरीच्या मामाला बोलावलं. मामा म्हणजे त्यांच्याकडचा शेवटचा शब्द. ट्रॅक्टर चालवून चालवून स्वतःच कमरेत वाकलेला माणूस. त्याने माझी पाठ लांबूनच बघितली आणि मला विचारलं की आता दुखतंय का कुठे, खाज येते का. मी छातीठोकपणे सांगितलं, अजिबात नाही, एकदम बरा झालोय. धडधडीत खोटं. पाटावर बसून बसून कळ पार मानेपर्यंत गेली होती. पण औषध घेऊनही दुखतंय म्हटलं असतं तर औषधच खोटं ठरलं असतं.

तेवढ्यात आहुप्याची आत्या पुढे आली. ही नवरीच्या वडिलांची मानलेली बहीण, डोंगरातून दोन गाड्या बदलून लग्नाला आलेली. आतापर्यंत एका बाजूला बसून सगळं ऐकत होती. तिने माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्ये गजकर्ण न्हाई. आमी पोटाला तांब्या लावतो ना, त्याचाच डाग हाय." काकीचा विश्वास बसेना. आत्या वाद घालणारी बाई नव्हती. ती उठली आणि आचाऱ्याकडून पुरीच्या कणकेचा गोळा घेऊन आली, समईतली वात घेतली, आणि रुखवतात मांडलेलं नवंकोरं फुलपात्र सरळ उचललं. रुखवताला हात लावला म्हणून दोन बायका कळवळल्या. मग आत्याने मामाला सांगितलं, शर्ट काढा पावणं, आणि पालथं पडा.

मामाने इकडेतिकडे बघितलं. पण एवढ्या माणसांत भ्यायलो असं कोण म्हणवून घेणार? पडला सतरंजीवर. आत्याने त्याच्या कमरेवर कणकेचा गोळा ठेवला, त्यात वात खोचून पेटवली आणि वरून फुलपात्र उपडं घातलं. वात विझली, भांडं चिकटलं. मामा आधी हुं हुं करत होता, मग चक्क डोळे मिटून पडला. थोड्या वेळाने आत्याने भांड्याच्या कडेला बोट दाबलं, पच्च आवाज झाला आणि भांडं सुटलं. मामाच्या कमरेवर लालभडक गोल, माझ्यासारखाच.

मी म्हटलं, सुटलो एकदाचा. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी पाहुणी नुकतीच आत आली, तिने मामाची कंबर बघितली, माझी पाठ बघितली आणि शेजारणीला म्हणाली की बघ बाई, मामालाही लागलं. झालं! पुन्हा गलका. मामा सांगतोय की कंबर मोकळी झाली, काकी त्यालाच लांब हो म्हणतेय, आणि बहीण वाटी धरून तशीच दारात उभी.

मग त्या दारातून नवरीच बाहेर आली. केस मोकळे, पिवळी साडी, कपाळ कोरडं. लग्नाआधी नवरीने असं बाहेर यायचं नसतं, पण तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही. ती माझ्या मागे गेली. माझी पाठ बघत ती किती वेळ उभी होती ते मला कळलं नाही, मला वळता येत नव्हतं. मग ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अजून दुखतंय का?"

सकाळपासून लोकांनी लागेल का, पसरेल का, जाईल का, सगळं विचारलं होतं. मामाने दुखण्याचंही विचारलं, पण ते तपासणीसाठी. तिच्यापुढे मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "लई दुखतंय."

ती काकीकडे वळली. "दुखण्यावर हळदच लावतात ना काकी? मग ती वाईट कशी?" एवढंच म्हणाली, आणि बहिणीच्या हातातल्या वाटीत बोटं बुडवून आपल्या दोन्ही गालांवरून स्वतःच ओढली. मग काकीनेच पुढे होऊन पोरीच्या हातांना हळद लावली, तीही त्याच वाटीतली.

लग्न ठरल्यापासून आम्ही चार वेळा भेटलो होतो, आणि चारही वेळा मी टोमॅटोवरच बोललो होतो. लग्न घरच्यांनी ठरवलं होतं, मी मान हलवली होती. ती मला खरी आवडली ती त्या सकाळी, मी उघड्या वाकड्या पाठीने पाटावर बसलेला असताना.